तुमच्या शाळेतला आठवणारा एक तास सांगा (गणित, विज्ञान, भाषा)

खडूची पूड
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

जूनपासून एका अनुदानित शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालेय. आठवी-नववीला गणित आणि विज्ञान. मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून नववी 'ब'चं मराठीही माझ्याच गळ्यात. बी.एड.ला पाठ टाचणात 'विद्यार्थ्यांमध्ये विषयाची आवड निर्माण करणे' हे उद्दिष्ट किती वेळा लिहिलं असेल त्याची मोजदाद नाही. आता वर्गात उभं राहिल्यावर लक्षात येतंय, ते करायचं कसं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

एक विनंती. 'सर फार छान शिकवायचे', 'बाई आईसारख्या होत्या' असले प्रतिसाद नकोत, राग मानू नका. शिक्षकदिनाला ते व्हॉट्सअॅपवर ढिगाने येतं. मला एकच तास सांगा. पस्तीस मिनिटांत त्यांनी नेमकं काय केलं? फळ्यावर काय होतं, तुमच्या हातात काय होतं? आवडेल ते मी सरळ उचलणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मागचा बाक
आठवी, बीजगणित. मी फळ्यावर 'ए अधिक बी कंसाचा वर्ग बरोबर ए वर्ग अधिक बी वर्ग' असं ठोकून दिलं. सर चूक म्हणाले नाहीत. "बरं, असेल. ए म्हणजे तीन फरश्या, बी म्हणजे दोन," म्हणाले आणि पुढचे चार बाक भिंतीला लावायला सांगितले.

आमच्या वर्गात शहाबादी फरशी होती. सरांनी खडूने पाच बाय पाचचा चौकोन आखला. पंचवीस फरश्या. मग मला म्हणाले, तुझा ए वर्ग दाखव. मी एका कोपऱ्यात तीन बाय तीन आखला, नऊ. बी वर्ग दाखव. समोरच्या कोपऱ्यात दोन बाय दोन, चार. झाल्या तेरा.

"मग या बारा फरश्या कुणाच्या बापाच्या?"

वर्ग फुटला. पण त्या बारा फरश्या पुढ्यात दिसत होत्या ना! दोन पट्टे, प्रत्येकी तीन बाय दोन. खिडकीजवळची एक मुलगी ओरडली, "सर, ए-बी दोनदा!" तेवढ्यात घंटा झाली. पुढच्या तासाच्या बाई दारात, बाक भिंतीला लावलेले आणि सर खाली उकिडवे बसलेले. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो.

आता वयाची चाळिशी उलटली, बीजगणिताशी संबंध उरला नाही. पण बँकेत रांगेत उभा असलो की खालच्या फरश्या मोजतो.

शेंगदाणा चटणी
+१. 'कुणाच्या बापाच्या' हे आता सेवाशर्तींत बसतं का बघा मात्र. (हलके घ्या.)

उसाचा फड
आमची शाळा गावातली, इंग्रजी पाचवीपासून सुरू. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं त्याच्या आधीची बॅच आमची. त्यामुळे नववीपर्यंत इंग्रजी म्हणजे बाईंनी एक ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा, आम्ही पुस्तकातल्या शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने तो लिहायचा. माझ्या पुस्तकात इंग्रजीपेक्षा मराठी जास्त दिसायचं.

नववीला नव्या बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, उद्या घरातली कुठलीही इंग्रजी लिहिलेली वस्तू आणा. पुस्तक सोडून. कुणी साबणाचा कागद आणला, कुणी खोकल्याच्या औषधाचं खोकं, एकाने लाइट बिल आणलं (तेही थकीत, आणि ते वर्गात वाचलं गेलं). माझ्या घरात काहीच सापडेना, म्हणून मी गोठ्यातलं खताचं रिकामं पोतं घेऊन गेलो. त्यावर एनपीके १०:२६:२६. वर्गभर वास.

पोरं हसली. बाईंनी ते पोतं फळ्यावर खिळ्याला टांगलं आणि सगळा तास त्याच्यावर घेतला. 'नेट वेट' म्हणजे काय, 'ग्रॉस वेट' म्हणजे काय, 'युज नो हुक्स' असं कुणाला बजावलंय. हमाल आकडी मारतात म्हणून ते लिहितात, हे मला माहीत होतं. बाईंना नव्हतं. मी सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "हे इंग्रजीत सांगता येईल?" तोडकंमोडकं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत अशी गोष्ट बोललो जी समोरच्याला खरंच ठाऊक नव्हती. नाहीतर 'व्हॉट इज युवर नेम' विचारणाऱ्याला माझं नाव हजेरीपटात दिसतच असतं की.

मग कुणीतरी विचारलं, एन म्हणजे नायट्रोजन, पी म्हणजे फॉस्फरस, तर पोटॅशियमला के कशाला? बाईंनी सरळ शेजारच्या वर्गातून विज्ञानाच्या सरांना बोलावून आणलं. लॅटिनमध्ये त्याला कॅलियम म्हणतात, त्याचा के. सर म्हणाले, आता नत्र, स्फुरद, पालाश यातलं कुठलं किती आहे ते पोत्यावरून सांगा. दहा, सव्वीस, सव्वीस. घरी जाऊन आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, एवढं तर मला न शिकता ठाऊक आहे.

परदेशी पाहुणा
मस्त धागा. मी एडिसन, न्यू जर्सीत. मुलीचा गृहपाठ घेताना तोंडात अजून 'लसावि' येतं आणि ती माझ्याकडे मी शिवी दिल्यासारखी बघते. अवांतराबद्दल क्षमस्व, वाचतोय.

लगागा
आयडीवरून ओळखलं असेल, माझा तास वृत्तांचा.

दहावीला वृत्तं म्हणजे दोन मार्कांचा प्रश्न, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) पाडा, वृत्त ओळखा. आमच्या मराठीच्या सरांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. बाकावर हाताने ठेका धरला, लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, आखूड अक्षर; गा म्हणजे गुरु, लांब), आणि आम्हाला धरायला लावला. दोन मिनिटांत सगळा वर्ग ढोलताशा पथक झाला. मग म्हणाले, याच ठेक्यावर बसणारं काहीतरी तुम्ही लहानपणापासून रोज संध्याकाळी म्हणताय. मनाचे श्लोक! भुजंगप्रयात. त्याचे चार 'य' गण आम्ही शोधले नाहीत, ते आधीच आमच्या हातात होते.

पण खरा तास तो नव्हे. 'यमाताराजभानसलगा' सरांनी फळ्यावर लिहिलं, गण लक्षात ठेवायचं सूत्र म्हणून. यमाता म्हणजे लघु-गुरु-गुरु, तो य गण. एक अक्षर सोडून मातारा, तो म. पुढे ताराज, राजभा, असं. शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार करायला आलेले गणिताचे सर दारात थांबले. फळ्याकडे बघत बसले. म्हणाले, "लघु किंवा गुरु, अशा तीन जागा. प्रकार किती?" दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. गणही आठच. "आणि या एका शब्दात आठही येतात? एकही दोनदा नाही?" आम्ही तपासलं. खरंच! लगागा, गागागा, गागाल, गालगा, लगाल, गालल, ललल, ललगा. प्रत्येक बरोबर एकदा.

मग त्यांनी विचारलं, "याहून आखूड शब्द करता येईल?"

मराठीच्या सरांना उत्तर माहीत नव्हतं आणि त्यांनी तसं सांगितलं. गणिताच्या सरांना बहुधा माहीत होतं, पण ते निघून गेले. आम्ही दोन दिवस डबा खाताना नऊ अक्षरांचा शब्द बनवत होतो. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. पहिल्या गणाला तीन अक्षरं लागतात, पुढच्या प्रत्येक गणाला निदान एक नवं. तीन आणि सात, दहा. दहाच्या खाली जाताच येत नाही. ज्या कुणी तो शब्द रचला त्याने एक अक्षरही वाया घालवलं नव्हतं.

आकडेमोड्या
@लगागा, वाचनखूण साठवली. त्याला जोड देतो. लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन धरा. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. पाच. पाच मात्रांची आठ, सहाची तेरा. १, २, ३, ५, ८, १३. हे आकडे ज्याच्या नावाने ओळखतात त्या इटलीच्या फिबोनाचीच्या पुस्तकाचं साल १२०२. जैन आचार्य हेमचंद्राने हे छंदशास्त्रात त्याच्या सुमारे पन्नास वर्षं आधी मांडलं होतं. मराठीच्या तासाला गणित शिकवायला याहून चांगलं निमित्त नाही.

खडूची पूड, तुम्ही गणित शिकवताय आणि अजून कुणी देवळालीचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५. फर्ग्युसनचे पदवीधर आणि नोकरी कुठली, तर नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर, १९३० ते १९६२. विद्यापीठ नाही, संशोधनसंस्था नाही. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाचा वजा करा.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं करून बघा. ७६४१ − १४६७ = ६१७४. अडकला! कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन पडता. हे त्यांनी १९४९ च्या सुमारास मांडलं. इथल्या पुष्कळांना तो रिकामा उद्योग वाटायचा. १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. हातच्याची वजाबाकी येत असली की झालं, याला अजून काही लागत नाही. सहावीचं पोरही करू शकतं.

सांजवात
जयंत नारळीकरांच्या लहानपणीची गोष्ट आठवली. बनारसच्या घरी मुलांसाठी भिंतीवर फळा होता. त्यांचे मोरूमामा त्यावर एक गणित लिहून ठेवायचे, वर 'जेव्हीएनला आव्हान' अशा अर्थाचा मथळा. सुटेपर्यंत ते तिथेच राहायचं. शाळेतला किस्सा नाही, पण फळा तर आहे.

पंतोजी
चोवीस वर्षं माध्यमिकला आहे. प्रतिसाद वाचले, गोड आहेत. आता थोडं कडू.

माझ्या नववीच्या एका तुकडीत अडुसष्ट मुलं. बाक भिंतीला लावायचे म्हटलं तर भिंत दिसायला हवी. मतदार याद्या आमच्याकडे, पोर्टलवर माहिती भरणं आमच्याकडे, आठवीपर्यंतच्या पोषण आहाराचा हिशेब आमच्याकडे. दहावीला बीजगणित चाळीस, भूमिती चाळीस, विज्ञानाचे दोन भाग चाळीस-चाळीस. पालक सभेत कुणीही मला 'पोराला गोडी लागली का' असं विचारलेलं नाही. विचारतात ते 'किती पडतील'.

आणि दुसरं. तुम्हा प्रत्येकाला एक तास आठवतोय. त्या मास्तरने वर्षभरात त्या विषयाचे दोनशेच्या आसपास तास घेतले असतील. बाकीच्यांत काय केलं? पक्ष, साध्य, सिद्धता लिहून घेतली. वह्या तपासल्या. ज्याला उणे गुणिले उणे अधिक का होतं ते कळलं नाही त्याला तिसऱ्यांदा सांगितलं. ते तुम्हाला आठवत नाहीत, कारण ते आठवण्यासारखे नव्हतेच. पण तेरा आणि बारा पंचवीस हे पाठ नसतं तर तुमच्या त्या फरश्यांतून काय डोंबल दिसलं असतं?

नवीन बाईंना सांगणं एवढंच, पहिल्या वर्षी रोज जादू करायला जाऊ नका. दिवाळीपर्यंत घसा बसेल.

मागचा बाक
पंतोजी, पटलं. आमचे ते सर उरलेले दिवस भयंकर कंटाळवाणे होते, आता आठवलं.

गणितभीरू
मी उलट बाजूचा तास सांगू का? चालेल ना?

सातवी. शाळा, गाव काही सांगत नाही. अपूर्णांकांची बेरीज. मी छेद-छेद आणि अंश-अंश बेरीज करून मोकळी झाले. सरांनी मला फळ्याजवळ उभं केलं आणि वर्गाला विचारलं, हिच्या डोक्यात काय भरलंय? वर्गाने एका सुरात उत्तर दिलं. ते उत्तर वर्गाला आधीच पाठ होतं, म्हणजे मी पहिली नव्हते. तास संपेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभी. माझ्या नाकासमोर माझंच चुकलेलं उत्तर. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, दोन पंचमांश.

गणित त्या दिवशी सुटलं ते सुटलंच. पुढे मी वाणिज्य घेतलं, तिथेही ते होतंच, पण भीतीनेच केलं. गेल्या वर्षी मुलाला भाकरीचे तुकडे करून दाखवताना एकदम लक्षात आलं. अर्धी भाकरी खाल्ली, त्यावर अजून खाल्ली, आणि झाली अर्ध्याहून कमी? दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा लहान! ते उत्तर पुसायच्या आधी कुणी एवढंच विचारलं असतं, 'तुझं उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं आहे की लहान', तर मी स्वतःच पुसलं असतं. एका प्रश्नाचं काम होतं हो.

खडूची पूड
@गणितभीरू, हा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. पुढच्या आठवड्यात आठवीला कुणीतरी हीच चूक करणार हे मला आत्ताच माहीत आहे.

@पंतोजी सर, घसा आधीच बसलाय. मनापासून आभार. तुमचा पहिला परिच्छेद रोज अनुभवतेय, दुसरा वाचून मात्र हायसं वाटलं.

फरश्यांचा तास करून पाहिला. आमच्या वर्गात कोबा आहे! व्हरांड्यात खडूने पंचवीस चौकोन आखता आखता वीस मिनिटं गेली, रेघा तिरक्या आल्या, आणि बारा मोजायच्या आत मुख्याध्यापक फेरीवर आले. त्यांना वाटलं पोरांना लंगडी घेतेय. पुढच्या खेपेला चौकटीच्या वहीवर.

करवीरकर
खूप उशिरा येतोय. विज्ञानाचा तास राहिला म्हणून लिहितो.

नववीची वार्षिक परीक्षा तोंडावर आणि आमच्या सरांनी २१ मार्चला भर दुपारी मैदानात नेलं. एक मीटरची काठी, ओळंबा लावून सरळ उभी केली. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची आणि सगळ्यात आखूड सावली धरायची. सगळ्यात आखूड सावली बारा वाजता पडत नाही हाच पहिला धक्का. आमच्याकडे साडेबाराही उलटून गेले. घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखावृत्ताचं, ऊन कोल्हापूरचं. सावली भरली ३० सेंटिमीटर.

तिकडे धुळ्यात सरांचे मेहुणे शिक्षक होते. त्यांच्या मुलांनी त्याच दिवशी तेच केलं. संध्याकाळी शाळेच्या फोनवर ट्रंक कॉल, सगळे कार्यालयाबाहेर गोळा. "साडेअडतीस!" काठी तेवढीच, सूर्य तोच, सावली वेगळी. एक जण म्हणाला, त्यांची काठी वाकडी असेल. सर म्हणाले, "काठी वाकडी की पृथ्वी वाकडी?"

त्रिकोणमितीची तेव्हा नुकती तोंडओळख झालेली. कोष्टकातून कोन काढले, फरक आला ४.३६ अंश. भिंतीवरच्या नकाशात दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर पट्टीने मोजलं, ४६५ किलोमीटर. एवढ्या अंशांना ४६५, तर ३६० ला किती? त्रैराशिक, सातवीतलं. पृथ्वीचा परीघ आला सुमारे ३८,४०० किलोमीटर. खरा ४०,००० च्या आसपास. आम्ही हिरमुसलो. सर मात्र खूश. म्हणाले, सोळाशे किलोमीटर कुठे गेले ते शोधा.

ते सापडायला उन्हाळ्याची सुट्टी गेली. धुळ्याची सावली ३८.२ हवी होती. तीन मिलिमीटर! सावलीची कड नेहमी पुसट असते, कुठे टेकवायचं बोट, त्यावर पृथ्वी सोळाशे किलोमीटरने आक्रसली. मी आज यंत्रशाळेत मोजमापाचंच काम करतो. मायक्रॉनच्या गोष्टी. नव्या पोरांना काम शिकवताना ते धुळ्याचे तीन मिलिमीटर सांगतो.

खडूची पूड, शून्य सावलीचा दिवसही लक्षात ठेवा. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला महिन्याच्या मध्यावर, नागपूरला २६ च्या आसपास. सुट्टी असते, पण बोलावलंत तर पोरं येतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा येतो, तेव्हा ढग.

शेंगदाणा चटणी
मंडळी, एक निरीक्षण. बहुतेक किस्स्यांत मास्तरांनी उत्तर दिलेलं नाही आणि पहिल्यात तर ऐन वेळी घंटा झाली आहे. घंटेलाच पुरस्कार द्यावा.

पंतोजी
घंटा वाजवणारा शिपाई निवृत्त झाला, जागा भरलेली नाही. आता बटण आहे.

खडूची पूड
शेवटचं सांगते, मग उद्याचं टाचण लिहायचंय.

शुक्रवारी शेवटचा तास ऑफ होता, नववी 'ब'ला मी गेले. मराठीच्या बाई म्हणून गेले आणि फळ्यावर ६१७४ लिहिलं. प्रत्येकाने आपापला आकडा घ्यायचा. पाचेक मिनिटांत वर्गातून 'आला, आला' सुरू झालं. चारसहा जणांचा येईना, त्यांची वजाबाकी चुकत होती. ती त्यांनी स्वतःच शोधली, मला बोलावं लागलं नाही. एकाने मुद्दाम ११११ घेतला आणि 'बाई, शून्य आलं, कापरेकर हरले' म्हणून उभा राहिला.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी आहे, जूनपासून तिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकलाय. तिने विचारलं, "बाई, पाच अंकी घेतला तर?"

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आधी तोंडात आलं, 'ते पुढच्या वर्षी'. मग या धाग्यावरचे ते मराठीचे सर आठवले आणि म्हटलं, मला नाही माहीत, तू बघ.

आज सकाळच्या शाळेत प्रार्थना संपल्या संपल्या वही घेऊन आली. मागची चार पानं वजाबाक्यांनी भरलेली. तिचा आकडा थांबतच नाही. ६१९७४, मग ८२९६२, मग ७५९३३, मग ६३९५४, आणि परत ६१९७४. फुगडी चाललीय नुसती. तिच्या शेजारणीने वेगळा आकडा घेतला होता, तिचीही फुगडी, पण आकडे निराळे. ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३.

दोघी विचारतायत, अशा फुगड्या एकूण किती. आकडेमोड्या, तुम्हाला माहीत असेल. कृपया सोमवारपर्यंत इथे लिहू नका. शेजारणीचा भाऊ इथला सभासद आहे.